मन गोळा होताना

मार्कच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय प्रश्नांनी भरलेला आहे. यरुशलेमच्या मंदिरात येशूभोवती माणसे जमली आहेत आणि एकामागून एक सवाल येत आहेत. कैसराला कर द्यावा की नाही? एकापाठोपाठ एक सात भावांची बायको झालेली स्त्री पुनरुत्थानाच्या दिवशी कोणाची? विचारणाऱ्यांना उत्तर नको आहे, माणूस कोंडीत पकडायचा आहे. या गर्दीतून एक शास्त्री पुढे येतो. त्याने वाद ऐकलेला आहे आणि येशूची उत्तरे त्याला पटलेली दिसतात. तो सरळ विचारतो, सगळ्या आज्ञांत पहिली कोणती? खरे तर उत्तर त्याला तोंडपाठ असणार, कारण जुन्या करारातले ते वचन धर्मनिष्ठ यहुदी माणूस सकाळ-संध्याकाळ म्हणत असे. देव एकच, आणि त्याच्यावर प्रीती करायची ती सगळ्या अंतःकरणाने, सगळ्या जिवाने, सगळ्या शक्तीने. येशू तेच सांगतो, त्यात बुद्धीची भर घालतो आणि कोणी विचारले नसताना दुसरी आज्ञा तिला जोडून देतो, ती शेजाऱ्यावरच्या प्रीतीची. शास्त्र्याला हे मनापासून मान्य होते. होम आणि यज्ञ यांपेक्षा हे थोर, अशी पुस्तीही तो जोडतो. त्यावर येशूचा अभिप्राय एवढाच, की तू देवाच्या राज्यापासून लांब नाहीस.

लांब नाही, पण आत आला आहे असेही येशू म्हणत नाही. उत्तर बरोबर येणे आणि त्या उत्तराप्रमाणे जगणे यांत जे अंतर उरते, त्या अंतराविषयी ही पुस्तिका आहे. कोल्हापूर आणि आसपासच्या मंडळ्यांतल्या अभ्यासगटांसाठी ती तयार झाली, आणि तिला प्रस्तावना लिहिताना मला पहिल्यांदा आठवते ती याच अध्यायाच्या शेवटी येणारी विधवा. विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांना येशूने नुकतेच फटकारले आहे. मग तो दानपेटीसमोर बसतो. श्रीमंत लोक भरपूर टाकून जातात. एक गरीब विधवा दोन लहानशी नाणी टाकते, आणि तिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकले असे तो शिष्यांना सांगतो, कारण तिच्यापाशी होते नव्हते ते सगळे तिने दिले. मंडळीचे वार्षिक अंदाजपत्रक जवळ आले की या विधवेवर हमखास उपदेश होतो, आणि त्यात तिची नाणीच तेवढी मोजली जातात. मार्कने तिला त्या शास्त्र्याच्या मागोमाग का उभे केले, इकडे फारसे कोणी पाहत नाही. शास्त्र्याने ‘सगळ्या’ हा शब्द तोंडाने म्हटला. बाई एक शब्द बोलली नाही, तिने सगळे दिले.

या विषयावर बोलायला लागले की पहिली शंका हमखास येते ती अशी, की प्रेम हुकमाने कसे करता येईल? नियम पाळता येतात, कर भरता येतो, उपास धरता येतो. पण कोणावर प्रेम कर असे सांगून ते होते का? शंका रास्त आहे. तिचे उत्तर मूळ वचनाच्या पुढच्याच ओळींत आहे, आणि ते अगदी घरगुती आहे. तिथे भावनेविषयी चकार शब्द नाही. या गोष्टी मुलांना शिकव, घरी बसला असताना बोल, वाटेने चालताना बोल, निजताना बोल, उठताना बोल, हाताला बांध, दाराच्या चौकटीवर लिही. म्हणजे ज्याने प्रीतीची आज्ञा दिली त्याला माणसाचे मन ठाऊक होते. मनाला थेट हात घालता येत नाही. दिवसाच्या घडणीला घालता येतो. दिवस घडत गेला की मन मागून येते, कधी फार उशिरा येते. आपल्या जुन्या ख्रिस्ती घरांत दिवेलागणीला होणारी कौटुंबिक उपासना, एक अध्याय, ‘उपासना संगीत’मधले एक गीत आणि आजोबांची लांबलेली प्रार्थना, ही त्या ओळींचीच अंमलबजावणी होती. लहानपणी आपण त्या प्रार्थनेत डुलक्या काढल्या हे खरे. तरीही आज पन्नाशीत आलेल्या कुणालाही विचारा, गीताचे पहिले कडवे पाठ निघते.

कोल्हापूरकराला भक्ती म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर उंच सासनकाठ्या नाचवत नेणारी माणसे, गुलालात न्हालेल्या पायऱ्या, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला लागलेल्या रांगा, आषाढीला पंढरीच्या वाटेवर पडलेल्या दिंड्या हे सगळे आपल्या दारावरून जाते. यातले कोणी घड्याळाकडे बघत नाही. ख्रिस्ती माणसाने या भक्तीविषयी तात्त्विक मतभेद जरूर बाळगावेत, मूर्तीविषयी, नवसाविषयी त्याची स्वतःची भूमिका असावी. पण ज्याची आठवड्याची उपासना दीड तासावर गेली की चुळबुळ सुरू होते, त्याने अनवाणी डोंगर चढणाऱ्या शेजाऱ्याला भक्तीचे धडे देण्याच्या भरीस पडू नये. देवासाठी अंग झिजवणे या मातीत नवीन नाही. ख्रिस्ती शुभवर्तमान इथे आले तेव्हा ते कोऱ्या पाटीवर लिहिले गेले नाही. १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, तेही ओवीतच. एका इंग्रज जेझुइटाला ख्रिस्ताचे चरित्र मराठी माणसाच्या काळजापर्यंत न्यायचे तर वाट कोणती हे चारशे वर्षांपूर्वी कळले होते.

कोल्हापुरात प्रॉटेस्टंट मिशनचे काम सुरू केले ते रॉयल गूल्ड वायल्डर यांनी. व्हरमाँटचा हा माणूस १८४६ मध्ये हिंदुस्थानात आला, काही वर्षे अहमदनगरला राहिला आणि १८५२ मध्ये कोल्हापूरला आला. संस्थानची राजधानी, देवीचे क्षेत्र; स्वागत कसे झाले असेल ते सांगायला नको. वर्षानुवर्षे शाळा चालवायच्या, बाजारात बोलायचे, गावोगाव फिरायचे आणि हाती लागणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी, असा तो क्रम होता. पुढे ज्या अमेरिकन बोर्डाने त्यांना पाठवले त्याच्याशीच त्यांचे बिनसले, जाहीर वाद झाले. बोर्डाचा आधार सुटल्यावर ते स्वतंत्रपणे कोल्हापूरला परत आले आणि काम चालू ठेवले. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनने ते आपल्याकडे घेतले. वायल्डर यांचे गोडवे गाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे, हा मनुष्य वाद घालायला मागेपुढे पाहणारा नव्हता. देवावरच्या त्यांच्या प्रेमात त्यांचा हट्टही मिसळलेला होता. पण ज्या हट्टामुळे बोर्डाशी पटले नाही, त्याच हट्टामुळे आधार सुटल्यावरही त्यांनी कोल्हापूरचे काम सोडले नाही. देव माणसाला घेतो तो असा स्वभावासकट घेतो.

त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे कॉलेजातल्या सुमारे अडीचशे विद्यार्थ्यांचे शिबिर भरले होते. तिथे या तेविसाव्या वर्षातल्या तरुणाने परदेशी मिशनकार्याचा विषय लावून धरला आणि शिबिर संपेपर्यंत शंभर जणांनी त्यासाठी नाव दिले. त्यातून पुढे जी विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली, तिच्यामार्फत हजारो तरुण जगाच्या कानाकोपऱ्यांत गेले. तिची कहाणी सांगताना अमेरिकन पुस्तके माउंट हर्मनपासून सुरुवात करतात. आपण ती पंचगंगेपासून करायला हरकत नाही. वर्षानुवर्षे बापाच्या हाती फारसे फळ लागले नाही, आणि त्याच घरात वाढलेल्या मुलाच्या बोलण्याने एका उन्हाळ्यात शंभर माणसे उठली. प्रेमाचा हिशेब त्याच खात्यावर, त्याच वर्षी जुळेल असे नसते.

आता थोड्या अवघड गोष्टीकडे येतो. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला पिढ्यान्पिढ्या एक टोमणा ऐकावा लागला आहे: पोटासाठी बाटले. आपल्या लेखनात या टोमण्याला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक तर तो साफ नाकारायचा, नाही तर उच्चवर्णीय धर्मांतरितांची नावे पुढे करायची, टिळक पाहा, रमाबाई पाहा, बाबा पदमनजी पाहा. दुसरे उत्तर मला विशेष अप्रतिष्ठेचे वाटते, कारण त्यात गावकुसाबाहेरून आलेल्या आपल्याच आजोबा-पणजोबांना मागच्या बाकावर बसवलेले असते. १८७६-७८ चा दुष्काळ, १८९६-९७ चा, १८९९-१९०० चा, या काळात कित्येक माणसे मिशनच्या दारात भुकेने आली हे खरे आहे. ज्याला विहिरीवर जाता येत नव्हते तो पाण्याजवळ आला. ज्याच्या मुलाला शाळेच्या ओट्यावर चढू देत नव्हते तो पाटीपेन्सिलीजवळ आला. त्यात खाली मान घालण्यासारखे काय आहे?

योहानाच्या सहाव्या अध्यायात हाच प्रश्न आहे. येशूने पाच हजारांना जेवू घातले. दुसऱ्या दिवशी ते त्याला शोधत आले, तेव्हा त्याने तोंडावर सांगितले की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता. बोलणे कठोर आहे. पण आदल्या दिवशी त्यानेच त्यांना गवतावर बसवून पोटभर वाढले होते, आणि वाढण्यापूर्वी कोणाचा हेतू तपासला नव्हता. पुढे बोलणे जड झाल्यावर पुष्कळ जण निघून गेले. काही थांबले. तुम्हीही जाता का, असे त्याने बारा जणांना विचारले तेव्हा पेत्राने, जायचे तरी कोणाकडे, असा उलट प्रश्न केला. तो थांबला. थांबणाऱ्यांतले किती जण भाकरीसाठी आले होते, याची नोंद योहानाने ठेवलेली नाही.

बाराव्या शतकातले फ्रान्समधले मठाधिपती बर्नार्ड यांनी देवावर प्रेम कसे करावे या विषयावर छोटा ग्रंथ लिहिला आणि त्यात प्रेमाच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर माणूस स्वतःवर स्वतःसाठी प्रेम करतो. दुसरीवर देवावर, पण स्वतःसाठी. म्हणजे संकटात सोडवतो म्हणून. तिसरीवर देवावर देवासाठी. आणि चौथीवर स्वतःवरही, पण देवासाठी. ही शेवटची पायरी या जन्मी क्षणभर गवसली तरी पुष्कळ, असे ते मानतात. मला बर्नार्ड आवडतात ते दुसऱ्या पायरीबद्दल. ते तिला हिणवत नाहीत. गरज पडेल तसतसा माणूस देवाकडे पुन:पुन्हा येतो, प्रत्येक वेळी त्याला देवाचा चांगुलपणा चाखायला मिळतो, आणि असे येता येता गरजेपेक्षा देवच आवडू लागतो, असा त्यांचा अनुभव आहे. आपल्या बुधवारच्या प्रार्थनासभेत नोकरी, व्हिसा, गुडघेदुखी आणि मुलीचे लग्न याच विनंत्या जास्त असतात म्हणून नाक मुरडणाऱ्या सुशिक्षितांनी बर्नार्ड वाचावेत. विनंत्या चुकीच्या नाहीत. पन्नास वर्षे त्याच पायरीवर बसून राहणे चुकीचे. जोतिबाला नवस बोलणारा आणि प्रार्थनासभेत चिठ्ठी देणारा, दोघे एकाच जिन्यावर आहेत. वर जाण्याचा प्रश्न दोघांनाही आहे.

तेव्हा पोटासाठी आले असतील, आले. दुष्काळ सरला, मिशनचे धान्य संपले, मिशनरीही परत गेले. माणसे राहिली. शेजारी, भावकी, कधी वतनाचा तुकडा गमावून राहिली. चौथ्या-पाचव्या पिढीतही रविवारी सकाळी धुतलेल्या कपड्यांत उपासनेला येतात. भाकरीने आलेले प्रेम भाकरीबरोबर संपले नाही, एवढी साक्ष मला पुरेशी आहे.

सगळ्या मनाने प्रेम म्हणजे पहिल्या दिवसापासून निर्भेळ प्रेम, अशी आपली एक समजूत असते. ती समजूत धरून स्वतःकडे पाहणारा मनुष्य एक तर ढोंगी होतो किंवा निराश. मराठी ख्रिस्ती इतिहासातल्या मोठ्या माणसांकडे पाहिले तरी ती समजूत टिकत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. परत येऊन त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. त्यांचे नाव देशापरदेशात झाले होते. आणि आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. एवढ्या विदुषीने, एवढ्या कामानंतर, छापील पुस्तकात हे कबूल करावे! आपल्यातला एखादा वडीलमंडळाचा सभासद असे म्हणू धजेल का? रमाबाईंचे पुढचे काम, दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली, केडगावचे मुक्ती मिशन, हे सगळे या उमगण्यानंतरचे आहे. शेवटची पंधराएक वर्षे त्या हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणीत होत्या. मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या मुली खिळे जुळवीत होत्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई काम करीत राहिल्या, ते पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. ते बायबल छापून बाहेर आले १९२४ मध्ये.

पण मला रमाबाईंपेक्षाही जवळच्या वाटतात लक्ष्मीबाई टिळक. रमाबाईंची बुद्धी आपल्याला दिपवते. लक्ष्मीबाई आपल्याशेजारी येऊन बसतात. नारायण वामन टिळक तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले हे सगळ्यांना माहीत आहे. १८९३ च्या सुमारास आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना बायबल दिले, डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना पकडले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना हे नंतर कळले. त्या कडक सोवळ्याच्या घरातल्या. नवऱ्यावर जीव, आणि नवऱ्याने पाऊल टाकले ते नेमके त्यांच्या जगाच्या बाहेर. काही वर्षे ताटातूट, पंढरपूरचे दिवस, रडणे, आजार. पुढे मुलाला घेऊन त्या नगरला आल्या तरी चूल वेगळी, पाणी वेगळे. देवाच्या प्रेमाची एखादी ठिणगी पडली आणि सगळे उजळले, असे ‘स्मृतिचित्रे’त कुठेच नाही. सोवळे हळूहळू सुटत गेले. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी आपल्या बुद्धीने निकाल लावला, तेव्हा बाप्तिस्म्याचा विचारही नव्हता. १९०० मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या, नवऱ्याच्या मागून पाच वर्षांनी आणि स्वतःच्या पायांनी.

आणि त्यानंतरही त्या काही संतिणीसारख्या वागू लागल्या नाहीत. टिळकांच्या उधळेपणावर त्या चिडत, भांडत, हसत. घरात कोणाला आणून ठेवतील याचा नेम नसलेल्या त्या माणसाचा संसार त्यांनीच रेटला. प्लेगच्या छावणीत आजारी मुलींपाशी जायला कोणी तयार नव्हते तेव्हा त्या गेल्या. हे सगळे त्या अशा सुरात सांगतात की त्यागाचा मोठेपणा सांगायला जावे तर वाचकालाच लाजल्यासारखे होते. मग टिळक गेले, ९ मे १९१९ रोजी. त्यांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. शाळेची पायरी न चढलेल्या, लग्नानंतर अक्षरे शिकलेल्या या बाईने पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. नवऱ्यावरचे प्रेम कुठे संपले आणि ख्रिस्तावरचे कुठे सुरू झाले, ही रेघ तिथे ओढता येत नाही, आणि ओढण्याची गरज मला वाटत नाही. देवावर सगळ्या मनाने प्रेम करायचे म्हणजे बाकीची प्रेमे मनातून हाकलून द्यायची असे अनेक भाविकांना वाटते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ती प्रेमे कुठे गेली नाहीत. एका दिशेला वळली. अंतःकरण, जीव, बुद्धी, शक्ती: आज्ञेतले चारही वाटे एका बाईच्या आयुष्यात कसे आणि कोणत्या क्रमाने गोळा होत गेले हे पाहायचे असेल तर ‘स्मृतिचित्रे’ इतके खरे पुस्तक मराठीत दुसरे नाही. धर्मपुस्तकांच्या कपाटात ते क्वचितच ठेवले जाते, हे आपल्या कपाटांचे दुर्दैव.

टिळकांविषयी एकच गोष्ट इथे सांगतो, कारण ती पुढच्या मुद्द्याला लागून आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्याला जाऊन राहिले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताचे म्हणवणारे सगळे त्यात यावेत अशी कल्पना होती. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार तिथेच राहिला. कल्पना व्यवहार्य होती का, यावर वाद होऊ शकतो. पण बावीस वर्षे संस्थेत काढलेल्या, संस्थेने मान दिलेल्या माणसाला साठीच्या उंबरठ्यावर वाटावे की आपले प्रेम पगाराच्या आणि पदाच्या चौकटीत आक्रसते आहे, ही गोष्ट आपण सहज ओलांडून जाऊ नये.

कारण आपण सगळे संस्थांचे वारस आहोत. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ काढले आणि पुढे तिथे वैद्यकीय शिक्षणही सुरू केले. कोल्हापुरात मेरी वॉनलेस इस्पितळ, एस्तेर पॅटन आणि आयर्विन ख्रिश्चन या शाळा, वायल्डर मेमोरियल चर्च ही नावे रिक्षावाल्यालाही माहीत असतात. ही नावे कोणाच्या तरी प्रीतीची आहेत. शेजाऱ्यावरची प्रीती दवाखान्यात मलमपट्टी होऊन येते, वर्गात फळ्यावर येते, हे आपल्या पूर्वजांनी पाहिले आणि त्यामुळे त्यांना त्या देवाविषयी कुतूहल वाटले. पण इमारत टिकली म्हणून तिच्या पायातले प्रेम टिकले असे धरून चालता येत नाही. प्रकटीकरणाच्या पुस्तकात इफिसच्या मंडळीला पत्र आहे. कष्ट आहेत, चिकाटी आहे, खोट्या शिक्षकांना ओळखण्याची नजर आहे. सगळी प्रशस्तिपत्रे मिळतात, आणि मग एक तक्रार येते की पहिली प्रीती तू सोडलीस. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांत विश्वस्त निवडीवरून दोन तट, जमिनीच्या दाव्यांच्या तारखा, प्रभुभोजनाच्या मेजाशी एकमेकांकडे पाठ करून बसलेले दोन पक्ष हे दृश्य दुर्मीळ नाही. दोन्ही पक्षांना देवाच्या घराची काळजी आहे, दोघेही तसे शपथेवर सांगतील. मला वाटते, आपला धोका नास्तिकपणाचा नाही. देवाच्या वस्तूंवर इतके प्रेम जडण्याचा आहे की देवासाठी थोडेच उरावे.

तरुणांकडे निराळी गोष्ट आहे. त्यांच्या उपासनेत कीबोर्ड आहे, ड्रम आहे, डोळ्यांत पाणी आहे. वडीलधारे यावर नाराज असतात; मी नाही. कोरड्या डोळ्यांनी गायलेली गीते आपण पुष्कळ ऐकली आहेत, आणि कीर्तनाच्या या भूमीत गाणाऱ्याचे डोळे भरून आले तर नवल कसले? विचारायचे ते इतकेच, की सोमवारी कामावर काय होते. हाताखालच्या माणसाशी तुम्ही कसे बोलता, हुंड्याचा विषय घरात निघाला की कोणत्या बाजूला बसता, लग्न जमवताना बाप्तिस्म्याच्या दाखल्याआड जुनी जात विचारता की नाही. हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे. येशूने दुसरी आज्ञा न विचारता जोडली ती याचसाठी असावी. पहिली आज्ञा पाळल्याचा दावा कोणालाही करता येतो, तो तपासायला कोणी स्वर्गात जात नाही. दुसरी शेजाऱ्याला तपासता येते.

आणि पेत्राला विसरू नये. त्याने तीनदा नाकारले. पुनरुत्थित येशूने सरोवराच्या काठी त्याला तीनदा विचारले, माझ्यावर प्रीती करतोस ना? तिसऱ्या वेळी पेत्र दुखावला. पण प्रत्येक उत्तरानंतर त्याला मिळाले ते काम होते: मेंढरे राख, त्यांना चार. तुझे प्रेम पुरते आहे का, हे मोजायला येशू थांबला नाही. जेवढे होते तेवढ्यावर काम सोपवले.

या पुस्तिकेत ठिकठिकाणी प्रश्न दिले आहेत. गटात त्यांची उत्तरे देताना शास्त्र्यासारखी बरोबर उत्तरे देण्याचा मोह सगळ्यांना होईल, पाळकांना सगळ्यात जास्त. तो टाळावा. एका बैठकीला एकच प्रकरण घ्यावे, घाई करू नये. प्रत्येक बैठकीआधी मार्कचा बारावा अध्याय अठ्ठाविसाव्या वचनापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावा, आणि वाचन शक्यतो घरातल्या लहान मुलाला द्यावे. ज्या मंडळीत दोन तट पडले आहेत तिथे अभ्यासगट तटांप्रमाणे पाडू नयेत, ही माझी कळकळीची विनंती.